मास्तरांनी गाळलेली ओळ

टेलरमास्तरांनी देव सोडला, ही बातमी आमच्या गल्लीत तीन दिवसांत घरोघर पोचली. पोचवली कुणी? मी. खोटं कशाला बोलू, माझ्या जिभेला हाड नाही.

पण मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला मी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसते. ‘तुझं राज्य येवो’पर्यंत मास्तर सगळ्यांबरोबर म्हणत होते. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आलं आणि तोंड टाके घातल्यासारखं मिटलं. रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी पुन्हा उघडलं. ओळीनं चार रविवार हेच.

आणि हे कुणी करावं? ज्यानं उभ्या जन्मात ‘नक्की’ हा शब्द उच्चारला नाही त्यानं! ‘‘कोट कधी?’’ ‘‘देवाची इच्छा असेल तर मंगळवारी.’’ मंगळवारी जावं, तर कोटाला एकच बाही. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका यहुदी. त्यांच्या काचाही ‘देवानं ठरवलं तर’ यायच्या. तरी मास्तरांना चिडवायचे, ‘‘अहो, काजाबटणांत त्याला कशाला अडकवता?’’

‘‘तुमच्या काचा पुसून झाल्या की तो येतो माझ्याकडे,’’ मास्तर म्हणायचे.

शेवटी मला राहवेना. कोटाचं अस्तर उसवल्याचं निमित्त काढून (उसवलं मीच, कात्रीनं) दुकानात गेले. मास्तर वहिनींचा निळा झगा आत घेत होते. वहिनी आजारी आहेत हे ठाऊक होतं, किती ते नव्हतं. दर पंधरा दिवसांनी अर्धा इंच! डॉक्टरांच्या आधी टेपनंच मास्तरांना सांगितलं होतं. पण शिलाईच्या आतलं जादा कापड, शिंपी ज्याला माया म्हणतात, ते मास्तरांनी कुठेच कापलं नव्हतं. वहिनींचं अंग भरलं की पुन्हा सोडता यावं म्हणून.

‘‘मास्तर, ती ओळ का गाळता हो?’’

त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. ‘‘ऑपरेशनच्या वेळी कागद पुढे केला. काही झालं तर आमची हरकत नाही, म्हणून. मी केली सही. आणि ती बाहेर आली ती अशी.’’ त्यांनी झग्याकडे बोट केलं. ‘‘ती ओळ म्हणजे तसलाच कागद. मी म्हणायचा अवकाश, तो म्हणेल, चला, नवऱ्याची हरकत नाही.’’

‘‘मग गिऱ्हाइकांना दिवसभर तेच ऐकवता ते?’’

‘‘ते कोटाचं असतं. कोट गेला तर दुसरा शिवता येतो.’’

कोट तिथंच टाकून मी उठले. मग निघाले घरोघर, माझीच बातमी मागे घ्यायला. पसरायला तीन दिवस लागले होते, आवरायला तीन आठवडे. लोकांना खरं अळणी लागतं.

मास्तर ओळ गाळत राहिले. झगा आणखी तीनदा आत गेला. चौथ्यांदा माप घ्यायला वहिनी राहिल्या नाहीत.

सगळ्यांत आधी आले चष्मेवाले काका. उंबऱ्यातच थांबले, टोपी नीट केली आणि मरण कळल्यावर त्यांच्यात म्हणतात ते म्हणाले, ‘‘खरा न्याय करणारा तो धन्य असो.’’ पण म्हणताना आवाज फाटला. मास्तरांनी त्यांना खुर्ची पुढे केली.

पेटीत वहिनींच्या अंगावर तो निळा झगाच होता. मास्तरांनी सकाळी बसून त्याची सगळी माया सोडली होती. झगा पहिल्या मापाचा, आणि वहिनी त्यात कुठेतरी हरवलेल्या.

कबरीपाशी प्रार्थना सुरू झाली आणि मी मेली मास्तरांच्या तोंडाकडे बघत उभी. ती ओळ आली. आम्हा सगळ्यांचे आवाज आपोआप खाली गेले. मास्तरांचा तेवढा वर आला. अख्खी ओळ, एकेक शब्द सुटा.

आठ दिवसांनी मी दुकानात गेले. माझा कोट खुंटीवर, अस्तर अजून लोंबतंय. नको ते विचारायची माझी खोड काही जात नाही. ‘‘इतके दिवस अडवून धरलीत, मास्तर, आणि त्या दिवशीच का म्हणालात?’’

मास्तरांनी कोट खाली काढला, सुईत दोरा ओवला.

‘‘अडवून त्याचं काय अडलं? माझ्या सहीवाचून उरकलं त्यानं. म्हटलं, तिच्या मागे माझा आवाज तरी जाऊ दे. आता तुमचा कोट मीही त्याला न विचारता देतो. मंगळवारी या. नक्की.’’