शनवारबाईंचा दिवस

शनिवारी शनवारबाई सलाइनच्या बाटलीला हात लावत नसत. वॉर्डात कुणाची बाटली संपत आली, की पेशंटच्या नातेवाइकाच्या थाटात हाक मारायच्या, "सिस्टर, बाटली संपाया आली हाय." आणि या सिस्टर कोण, तर शीर कशी शोधायची हे ज्यांना त्यांनीच शिकवलं, त्या आम्ही पोरी. आम्ही फणकारत जायचो आणि बाटली बदलायचो. बाई स्टुलावर बसलेल्या असायच्या, दोन्ही हात मांडीवर, अंगावर युनिफॉर्मच्या जागी फिकट जांभळं पातळ. चेहऱ्यावर ओशाळेपणाचा मागमूस नसायचा.

पेणच्या त्या खासगी दवाखान्यात त्या मला पंधरा वर्षांनी सीनियर. दोघीही ख्रिस्ती, एकाच मंडळीतल्या. पण मंडळी रविवारची आणि बाई शनिवारच्या. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत त्या कामाला हात लावत नसत. "दहा आज्ञांतली चौथी, विसाव्याची, ती शनवाराची हाय. ती रविवारावर कोणी ढकलली ते मला विचारू नका, मी नाय ढकलली," एवढं बोलून विषय संपवायच्या. बरं, सुट्टी आहे तर माणसानं घरी पडावं. तेही नाही. ज्या पेशंटजवळ बसायला कुणी नसेल त्याच्या उशाशी त्या दिवसभर येऊन बसायच्या. औषध नाही, उपदेश नाही, नुसतं बसणं.

त्यांचा हा नेम आडमुठा मात्र नव्हता. एकदा एका म्हाताऱ्यानं झोपेत हाताची सुई उपसली आणि चादर लाल झाली, तेव्हा आम्ही पोचायच्या आत बाईंनी अंगठ्यानं शीर दाबून धरली होती. मी खोचकपणे म्हटलं, "का हो बाई, आज शनिवार ना?" त्या म्हणाल्या, "बैल आडात पडला तर शनवारी पण काढायचा असतो. रोजचं पाणी पाजायला मात्र तू हायस."

पेणच्या जुन्या माणसांना यात काही नवल वाटलं नाही. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे इस्राएली, म्हणजे इथले ज्यू, त्यांच्या वाडवडिलांनी पाहिले होते. शनवार तेली म्हणत त्यांना. मग शनिवारी सुई बंद ठेवणारी नर्स ती शनवारबाई, हे ओघानंच आलं. गावानं एक नाव दिलं आणि विषय मिटवला. अडचण झाली ती आम्हा त्यांच्याच माणसांची.

शुक्रवारी दुपारची ड्यूटी त्या कधीच घेत नसत, कारण तेव्हा घरी त्यांची लगीनघाई चालायची. पाणी भरायचं, तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या, सुकटीची चटणी करून ठेवायची, आणि शेवटी मोबाइल बंद करून पोह्यांच्या डब्यात टाकायचा. एकदा त्या डब्याचं झाकण लावत असताना मी विचारलं, "बाई, पाळलाच पाहिजे का हो हा दिवस? आपल्या आत्म्याचं तारण काय शनिवारानं होतं?"

"तारण नाय होत. तारण फुकट हाय, म्हायत हाय मला. पण देवानं सुट्टी दिली, ती परत कशाला करू?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझा रविवार कसा जातो गो?"

मी सांगितलं. सकाळी उपासना, मग मटण, कपडे, बाजार, लेकीचा अभ्यास, आठवड्याचे युनिफॉर्म इस्त्री करणं.

"मग विसावा कवा घेतेस?"

"बायकांना कसला आलाय विसावा?" मी हसण्यावारी नेलं.

"तेच तर. म्हणून त्यानं आज्ञा केली. नुसतं सांगून आपण ऐकलो असतो व्हय?"

माझी रविवारची उपासनाही त्यांच्याच जिवावर होती, हे आता लिहिताना टोचतं. आमच्यात बदली ठरलेली होती. त्यांचा शनिवार मी करायची, माझा रविवार त्या करायच्या. मी रविवारी सकाळची गाडी धरून रोह्याला जायची, तिथून जवळच्याच वरसे गावातल्या हॉलमध्ये, जिथे आमची मंडळी जमते. बाई दिवसभर वॉर्ड सांभाळून संध्याकाळच्या प्रार्थनेला पोचायच्या आणि मागच्या बाकावर बसून झोपाळू डोळ्यांनी गायच्या. नऊ वर्षं हे चाललं. मी त्याला देवाणघेवाण समजत होते, आणि आपण बाईंवर उपकार करतो असंही मनातून समजत होते.

त्याच काळात वडखळच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातला दामू आपल्या बायकोला घेऊन आला. पोटाचं ऑपरेशन होतं. मिठागरावर मीठ ओढायचे दिवस, खाडा करणं परवडणारं नव्हतं. तो बिचारा अंधार पडल्यावर यायचा, पायांना पांढरे मिठाचे चट्टे घेऊन. तीन शनिवार बाई त्याच्या बायकोजवळ बसल्या. ती कण्हायची, बाई तिचा हात हातात धरायच्या. दामूनं एकदा मला विचारलं, "या बाय कामावर नसतात तवा पण इथंच कशा?" मी म्हटलं, "त्यांना दुसरं काम नाही." हा विनोद मला तेव्हा आवडला होता.

आता जे सांगायचं ते सांगताना मान वर होत नाही.

मी वॉर्डची इन्चार्ज झाले, आणि त्याच वर्षी मंडळीची सेक्रेटरी. दोन्ही पदं एकदम डोक्यात गेली. इकडे मंडळीतली दोन कुटुंबं बाईंचं बघून शनिवार पाळायला लागली होती आणि कमिटी अस्वस्थ होती. बाईंनी कुणाला शिकवायला जावं असं काही नव्हतं, पण लोक बघतातच. मिटिंगमध्ये मी उभी राहिले आणि बायबलमधल्या प्रेषिताच्या पत्रातलं वचन वाचून दाखवलं. सण, शब्बाथ म्हणजे विसाव्याचा वार, या सगळ्या पुढे येणाऱ्या गोष्टींच्या सावल्या आहेत, खरी वस्तू ख्रिस्त आहे, अशा अर्थाचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाळकसाहेब म्हणाले, "बाईंशी कुणीतरी प्रेमानं बोलायला हवं." मी म्हटलं, "माझ्यावर सोडा."

प्रेमानं बोलायच्या ऐवजी मी ड्यूटी चार्ट काढला. चारही शनिवार सकाळची ड्यूटी, बाईंच्या नावावर.

बाई त्या चार्टसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्या टेबलाशी आल्या. मी आधीच तयारीत होते, तेच वचन ऐकवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ओळ बरोबर हाय. पण तिच्या सुरवातीला काय लिवलंय? शब्बाथावरून कोणी तुमचा न्याय करू नये. ते माझ्यासाठी पण हाय ना गो?"

मी ते वाक्य मिटिंगमध्ये वाचलं नव्हतं. विसरले नव्हते, गाळलं होतं. बाईंना उत्तर देण्याऐवजी मी फोन उचलला आणि कुणाशी तरी बोलायला लागले.

पहिल्या शनिवारी त्या युनिफॉर्म घालून आल्या. ड्यूटीवर दुसरी कुणी नव्हती, म्हणून ताप बघितले, इंजेक्शनं दिली, पट्ट्या बदलल्या, एकाही पेशंटला काही कमी पडू दिलं नाही. मला त्यानंही समाधान झालं नाही. दुपारी मी त्यांना स्टोअरचं कपाट रिकामं करून पुन्हा लावायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे आज कोणाला लागणार हाय?" मी म्हटलं, "सोमवारी लागेल." "मग सोमवारी लावते," म्हणाल्या, आणि जाऊन एका पेशंटजवळ बसल्या.

मी मेमो लिहिला. त्यात कपाटाचा उल्लेख केला नाही. लिहिलं, रुग्णसेवेत टाळाटाळ. बाईंनी वाचलं. "रुग्णसेवेत?" एवढा एकच शब्द त्या बोलल्या, आणि त्यांनी सही केली.

महिन्याअखेर त्यांनी नोकरी सोडली. रोह्याला एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात त्यांना शनिवार मोकळा मिळत होता. पेणमधला त्यांचा शेवटचा रविवार माझ्या लेकीच्या दृढीकरणाचा, म्हणजे मंडळीत रीतसर सामील होण्याच्या विधीचा होता. मी बदली मागितली नव्हती, तोंडच नव्हतं मागायला. त्यांनी स्वतः चार्टवर माझं नाव खोडून आपलं घातलं. मी नवी साडी नेसून वरशाला गेले. सेक्रेटरी म्हणून पुढच्या रांगेत बसले, आणि आज माझ्या जागी वॉर्डात कोण उभं आहे हे कुणालाही सांगितलं नाही.

तीन वर्षांनी, एका शनिवारी, माफी मागायची म्हणून त्यांच्या रोह्याच्या खोलीवर गेले. बाई थकल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, आणि त्याचंच मला जास्त लागलं. आदल्या दिवशीची भाकरी त्यांनी पुढे केली. दोन घास खाल्ले तोच माझा फोन वाजला. वॉर्डात ड्यूटीवर कुणी आलं नव्हतं. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मी उठलेच आणि चपला पायात सरकवत म्हटलं, "बाई, त्या मेमोबद्दल मला..."

"बस आधी. उभ्यानं नको सांगू."

"पुढच्या शनिवारी निवांत येते."

"ये. शनवार दर आठवड्याला येतो."

तो आला, पण मी गेले नाही. वर्ष निघून गेलं आणि एका गुरुवारी बाई गेल्या.

शुक्रवारी सकाळी मंडळीच्या ग्रुपवर निरोप आला. बाईंची भाची जालन्याहून निघाली आहे, दफन शनिवारी सकाळी अकराला. मी पाळकसाहेबांना फोन केला. "साहेब, शनिवारी नको ना. निदान दिवस मावळल्यावर करू."

ते म्हणाले, "भाचीची दुपारची गाडी आहे. मंडळीलाही लांब परतायचं असतं." मग म्हणाले, "आणि या गोष्टी सावल्या आहेत, हे तुम्हीच आम्हाला वाचून दाखवलं होतं. मंडळीनं ते मान्यही केलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला.

शनिवारी रोह्याच्या दफनभूमीत पोचले तर कबर खणून तयार होती. कडा सरळ, मिठागराच्या बांधासारख्या चोपलेल्या. बाजूला फावडं घेऊन दामू उभा होता. दवाखान्यातून त्याला कळलं होतं.

"कधी खणलीस?"

"काल. दिवस मावळायच्या आत. बाय शनवारी कोणाला राबवत नव्हत्या, मग त्यांच्यापायी शनवारी राबून कसं चालंल?"

प्रार्थना झाली. पेटी खाली उतरली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. पाळकसाहेबांनी दामूला खूण केली, तर त्यानं हात जोडले. "साहेब, माती सांजच्याला लोटतो. तवर मी हाय इथं. तुम्ही निघा." पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सेक्रेटरी. मी म्हटलं, "मीपण थांबते." ते क्षणभर घुटमळले, मग भाचीला घेऊन स्टेशनकडे गेले.

आम्ही आंब्याखाली बसलो. मी मोबाइल बंद केला. पहिला तास फार कठीण गेला. हात काहीतरी शोधत होते, गवत उपटत होते. दामूनं बघितलं तेव्हा थांबवले. त्याच्या बायकोनं भाकऱ्या दिल्या होत्या, त्याही काल केलेल्या. खाऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "सिस्टर, तुम्ही पण बायच्याच धर्माच्या ना? तुमचा दिवस कंचा?"

"रविवार."

"म्हंजे त्या दिवशी तुम्ही बसता."

तो टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. मी म्हटलं, "नाही दामू. मी कधी बसलेच नाही. माझ्या रविवारी वॉर्डात बाई उभ्या असायच्या, तरी नाही."

त्यानं मान हलवली. मी उठून कबरीजवळ गेले, काठावर मांडी घातली आणि मेमोची गोष्ट सांगायला सुरुवात केली. गाळलेलं वाक्य, कपाट, रुग्णसेवा, नवी साडी, सगळं. दामूला ऐकू गेलं असेल तर असो, पण ते त्याच्यासाठी नव्हतं. बाईंनी सांगितलं होतं तसं बसून सांगितलं. दिवस मावळायला अजून बराच वेळ होता.