काटकोनांची वायर

काटकोन हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं, आणि इतकं चिकटलं की निरोपाच्या भाषणात साहेबांच्या तोंडूनही तेच निघालं. जास्त करंट देतानाही व्होल्ट ढळू न देणाऱ्या रेग्युलेटरचे बोर्ड आखायचे आणि त्यांची वायरिंग करायची, यात त्यांचा जन्म गेला. त्यांची वायर कधी तिरकी गेली नाही. कडेकडेने जायची, कोपऱ्यावर काटकोनात वळायची. गिऱ्हाईक आलं की मालक मुद्दाम झाकण उघडून दाखवायचा. माणसाला कसली ना कसली मिजास असतेच. यांना वायरिंगची होती. बायको म्हणायची, "वायरशी वागता तेवढं सरळ माझ्याशी वागला असतात तरी संसार सोन्याचा झाला असता."

मग तिची फुफ्फुसं निकामी होत गेली. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आलं. वीज तर कधीही जायची. मुलगी म्हणाली, "बाबा, बॅटरीवर चालणारी तयार यंत्रणा मिळते, ती आणू." काटकोन भडकलेच. "विकतची? आणि माझ्या घरात?"

त्यांनी बॅटऱ्या स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात मांडल्या आणि मशीनला नेमके बारा व्होल्ट देणारा रेग्युलेटर स्वतः बांधला. बोर्डावर तांब्याच्या रुंद पट्ट्या, जाड वायरींच्या दोन तोंडांना घट्ट स्क्रू. अशा बोर्डातून आणखी दोन बारीक वायरी निघतात. त्या थेट मशीनच्या प्लगपर्यंत न्यायच्या असतात. तिथे खरोखर किती व्होल्ट पोचले हे त्या बोर्डाला सांगतात, मग बोर्ड कमी पडलेलं भरून काढतो. कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला काटकोनांनी हे घोकवलं होतं. पण जाड आणि बारीक वायरींची जुडी नीट बसेना, मध्येच फुगायची. त्यांनी बारीक वायरी बोर्डावरच जोडून टाकल्या. घरातल्या घरात असा काय फरक पडणार? आणि जाड वायरी दाराच्या चौकटीवरून, कपाटामागून, खोलीच्या तीन भिंतींवरून फिरवून पलंगाशी आणल्या. दिसायला झकास! बायकोनेही कौतुक केलं.

दुसऱ्याच दुपारी वीज गेली. मशीन बॅटरीवर चालू झालं, थोडं घरघरलं, किंचाळलं आणि बंद पडलं. काटकोन बोळात धावले. बोर्डावर मीटर लावलं. बारा. परत येऊन मशीन चालू केलं. पुन्हा किंचाळलं, पुन्हा बंद. पुन्हा बोळ. स्क्रू आवळले, फ्यूज बदलला, बॅटऱ्यांची टोकं घासली. बारा म्हणजे बारा.

बायको पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. प्रत्येक श्वास ओढून आणावा लागत होता, ओठ निळे पडले होते. तिची पाठ धरून मुलगी ओरडली, "बाबा, काहीतरी करा ना!"

"अगं, सगळं बरोबर आहे! बारा दाखवतंय!"

त्यांचं डोकंच चालेना. चूक दिसली असती तर त्यांनी ती दुरुस्त केली असती. बरोबर असलेल्याचं काय करायचं?

"अहो..." बायको तुटक तुटक म्हणाली, "तिथे... असेल बरोबर. इथे... येऊन बघा."

ते मीटर घेऊन पलंगाशी आले. मशीन चालू करताच प्लगवरचा आकडा घसरला, अकराच्याही खाली गेला. उरलेलं सगळं त्या ऐटबाज वळशाने वाटेतच खाल्लं होतं. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट त्यांनी स्वतःच्या बायकोच्या श्वासाच्या बाबतीत मोडली होती.

त्यांनी बॅटरी सोडवली आणि पक्कडीने जुडी कापली. जाड वायरी आखूड करून दारातून पलंगापर्यंत तिरक्या, जमिनीवर लोळवत आणल्या. बारीक वायरी प्लगशी नेल्या. वीज नव्हती, म्हणजे जोड सोल्डरिंगने पक्का करणंही नाही. तारा नुसत्या पिळल्या आणि वर टेप गुंडाळली. असा जोड दुसऱ्या कुणी केला असता तर त्यांनी त्याला फाडून खाल्लं असतं. टेप सारखी बोटांनाच चिकटत होती.

मशीन चालू झालं आणि चालू राहिलं. प्लगवर बारा. नळीतून हवा येत होती, काटकोनांनी ती आपल्या गालावर धरून पाहिली आणि मग बायकोच्या नाकाला लावली.

मुलीने आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा थोडा चढला आणि थांबला.

"वाढेल," काटकोन म्हणाले. "थोडा वेळ लागतो."

आकडा वाढेना. त्यांनी प्लग पाहिला, नळी पाहिली, पुन्हा प्लग पाहिला. नाकापर्यंत सगळं पोचत होतं. त्यापुढे त्यांना वायर टाकता येत नव्हती. मुलगी डॉक्टरांना फोन लावायला बाहेर गेली.

बायकोची नजर जमिनीवर गेली. "तिरकी... टाकलीत?"

"हो."

"बरी... दिसतेय."

काटकोनांना रडू आलं. ते तसेच खाली बसून चिमट्यावरचा आकडा बघत राहिले.

"अहो... तिकडे... काय बघताय?" ती म्हणाली. "इथे... बघा."

त्यांनी मान वर केली. तिच्या ओठांचा रंग अजून परतला नव्हता.