नव्या चित्रकाराच्या वाकड्या रेघा

आमच्या कॉमिक्सच्या ग्रुपवर नवा अंक आला की पहिलं मत धारच्या काकांचं असतं. त्यांचा व्हॉइस मेसेज येईपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. कुणी अतिउत्साहानं 'जबरदस्त!' असं लिहिलंच, तर त्याला तिथल्या तिथे झापलं जातं आणि तो निमूटपणे मेसेज पुसून टाकतो. बाहेरच्याला हे खुळ्यांचं संमेलन वाटेल. आहेच ते. पण माझा त्यावर इतका जीव आहे की नातेवाइकांचे सगळे ग्रुप मी म्यूट करून ठेवलेत आणि हा एकच उघडा ठेवलाय.

आम्ही देवास, धार, बागली, सतवास असे विखुरलेले. कुणी बँकेत, कुणाचं औषधांचं दुकान, मी देवासला एका कारखान्यात क्वालिटी विभागात. माझे वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे मध्य प्रदेशात आले आणि इथलेच झाले. शाळा हिंदी, त्यामुळे घरात मराठी बोलायचं आणि अभ्यासाच्या पुस्तकात लपवून हिंदी कॉमिक्स वाचायची, असं आमचं बालपण गेलं. वय वाढलं, पण कॉमिक्स काही सुटली नाहीत. नवरा म्हणतो, सून आणायचं वय झालं तुझं. मी म्हणते, तिलाही वाचायला देईन.

काका आमच्यात सगळ्यांत मोठे. घराणं जुन्या दरबाराशी जोडलेलं, त्यामुळे बोलणं अजून 'आपण यावे, बसावे' असं. आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आणि कॉमिक्सचा चित्रकार म्हणजे त्यांना वर्गातला विद्यार्थीच वाटतो. कुणाची शेडिंग आळशी आहे, कोण घोडा काढायची वेळ आली की धूळ उडवून पाय झाकतो, सगळं त्यांना दिसतं. "चेहरा कुणीही काढेल. हात काढून दाखवावा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्याशी भांडायला मला फार आवडतं, कारण ते भांडण मनावर घेतात.

सध्या आम्ही जिच्यामागे वेडे झालोय ती मालिका पाण्याखाली गेलेल्या एका गावाची आहे. धरणाचं पाणी चढलं, गाव बुडालं, आणि एका नावाड्याची मुलगी त्या गल्ल्यांमध्ये बुडी मारून लोकांच्या मागे राहिलेल्या वस्तू वर काढते. आमच्यातल्या अनेकांचे ओळखीचे नर्मदेच्या धरणात बुडालेल्या निसरपुरकडचे, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला परकी वाटलीच नाही. पहिल्या चित्रकाराची शाई दाट, काळीकुट्ट होती. तो मालिका सोडून गेला आणि नवा आला, बारीक रेघेचा, फिक्या निळ्या रंगांचा. सतवासवाल्यानं मला फोन करून विचारलं, "दीदी, ही कॉमिक्स आहे की साबण का विज्ञापन?" मला मात्र तो नवा मुलगा आवडला होता. पाणी त्याला खरोखर काढता येत होतं. पण काकांच्या आधी बोलायची सोय नव्हती.

काकांचा मेसेज आला. "रेघ थरथरते. ज्याला चौकट सरळ आखता येत नाही, तो गाव काय उभं करणार?"

आम्ही सगळ्यांनी अंक पुन्हा उघडले. चौकटी आम्हाला सरळ दिसत होत्या. पण काकांना तसं सांगणार कोण? शेवटी बागलीच्या औषधवाल्यानं तोडगा काढला. "काका, पानी के अंदर की कहानी आहे ना, म्हणून लहर दिली असेल. इफेक्ट आहे तो." सगळ्यांना हायसं वाटलं. हा इफेक्ट किती बारीक आहे, सहज लक्षात येत नाही, यावर संध्याकाळभर कौतुक चाललं. मलासुद्धा एका चौकटीचा कोपरा किंचित झुकलेला वाटायला लागला.

पुढच्या अंकावर काका जास्तच चिडले. "हा चेहरेच काढत नाही. नाक-डोळ्यांच्या जागी डाग ठेवतो आणि पुढे जातो." आता चेहरे तर होते, चांगले रेखलेले होते. तरी सतवासवाल्यानं त्यातूनही अर्थ काढला की ज्यांचं गाव गेलं त्यांची ओळखही पुसली गेली, हे चित्रकाराला सांगायचं असेल. त्याच्या हुशारीवर आम्ही इतके खूश झालो की कुणीतरी ते चित्रकाराच्या पानावरही टाकून आलं. कॉमिक्सवाल्यांना काहीही दाखवा, ते त्यात अर्थ शोधतातच. आमच्यासारख्यांपुढे एखाद्यानं कोरं पान ठेवलं तरी आम्ही त्यावर तासभर बोलू.

त्यानंतरच्या अंकावर काकांचा मेसेज आलाच नाही. आम्ही वाट बघत राहिलो. मग एक दिवस त्यांचा सपाट आवाज आला. "मी ही मालिका सोडतो आहे. आता यात मन लागत नाही. आपण सगळ्यांनी आनंदानं वाचत राहावे."

मला रागच आला. एका चित्रकारावरून कुणी वाचन सोडतं का? रविवारी बस पकडून इंदूरमार्गे मी धार गाठलं. दार काकूंनी उघडलं. "बरं झालं आलीस. कपाट रिकामं करायला काढलंय ह्यांनी. वाटून टाकणार म्हणतात." आत बघते तर खरंच कॉमिक्सचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. ज्या अंकांना हात लावायचा तर आधी हात धुऊन यावं लागायचं, ते अंक जमिनीवर पडले होते. माझा राग तिथेच संपला.

तरी मी भांडायचं सोडलं नाही. अंक घेऊन त्यांना खिडकीपाशी बसवलं. "काका, तुम्ही पण ना, हद्द करता. दाखवा कुठे आहे वाकडी रेघ."

त्यांनी बोट ठेवलं. माझ्या पर्समध्ये स्टीलची छोटी पट्टी असते, नोकरीची सवय. ती काढून मी त्या रेघेला लावली. पट्टी आणि रेघ एकमेकींना तंतोतंत चिकटल्या. "बघा आता. सूतभर तरी फरक आहे का?"

काका खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तुझी पट्टीच वाकडी आहे."

मी हसले, काकूही हसल्या. काका हसत नव्हते. माझ्या हातातली पट्टी तपासणीतून पास झालेली, तिच्यावर मी रोज भरवसा ठेवते. मी खिडकीच्या गजाकडे बोट केलं. "आणि हा गज?"

"तोही मधे वाकतो. काही महिने झाले, सगळंच वाकतं."

"माझ्याकडे बघा काका. माझं नाक दिसतं?"

ते हळूच म्हणाले, "आवाज ओळखीचा आहे ना, तेवढं पुरतं." काकू तिथेच त्या गठ्ठ्यांवर बसल्या.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकली आणि आम्ही त्यांना इंदूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चौकोनांची जाळी छापलेला कागद समोर धरून रेघा कशा दिसतात ते विचारलं. काका म्हणाले, "याचा चित्रकारही तोच का?" डॉक्टर हसले, पण तपासणी झाल्यावर हसले नाहीत. डोळ्याच्या आत, पडद्याच्या नेमक्या मध्यभागी पाणी झिरपत होतं. डाव्या डोळ्याला उशीर झाला होता. उजव्यात इंजेक्शनं देऊन बघता येईल, पण नजर किती वाचेल याची खात्री देत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ग्रुपवर मी जसंच्या तसं लिहिलं. बागलीवाल्याचा लगेच फोन आला, तो रडत होता. "दीदी, इफेक्ट मी बोललो होतो. दिवसभर औषधं विकतो मी, और मुझे समझ में नहीं आया." आमचं सगळ्यांचं काकांवर प्रेम होतं, म्हणूनच त्यांना खोटं ठरवायला कुणी धजावलं नव्हतं.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी काका अडून बसले. आधी चित्रकाराची क्षमा मागायची, मग सुई. बाकड्यावर बसून त्यांनी माझ्या फोनवर शुद्ध हिंदीत मेसेज बोलून दिला की आपल्या रेखा सरळ होत्या, दोष माझ्या दृष्टीत होता, मास्तर असून मी न तपासता गुण कापले. मी तो चित्रकाराच्या पानावर पाठवला. त्या मुलानं उत्तरादाखल हात जोडल्याचं एक चिन्ह टाकलं.

मग इंजेक्शनं झाली, एकामागून एक, मध्ये महिना महिना सोडून. त्या काळात नवा अंक आला. ग्रुपवर एक अक्षर कुणी लिहिलं नाही. डॉक्टरांनी थोडं वाचून बघायला हरकत नाही म्हटल्यावर मी अंक घेऊन धारला गेले. मला धाकधूक होती. काकांना चित्रातला चेहरा दिसला नाही तर काय बोलायचं, हे बसमध्ये ठरवू म्हटलं तर ठरेना.

काकूंनी चहा आणला आणि तो हातात धरून उभ्याच राहिल्या. काकांनी भिंग घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. पानभर एकच चित्र होतं, पाण्यातून डोकं वर काढणाऱ्या त्या मुलीचा चेहरा. काकांनी पान जवळ आणलं, जरा तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"आहे," ते म्हणाले. "चेहरा आहे."

काकूंनी चहा टेबलावर ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

काकांचं भिंग अजून पानावरच होतं. कपाळाला आठी पडली. "पण नाक बिघडवलंय त्यानं. ही डावी नाकपुडी बघ. ही कुठे चालली आहे?"

मी त्यांच्या हातातून अंक घेतला. मला हा चित्रकार आवडतो, त्याच्यासाठी मी भांडायच्या तयारीत होते. पण नाक खरंच बिघडलं होतं.