हौसाच्या मांडवाची मेढ

हौसाला अडाणी म्हणणाऱ्यांना एकदा काय ते सुनवायचं आहे, म्हणून हे लिहिते.

ती पनवेलच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून राहायची. तरुणपणी मिठागरात राबली. मिठागर गेल्यावर माझ्या दाराशी वालाच्या शेंगा विकायला येऊ लागली. भाव पाडायला गेलं की म्हणायची, "बाई, तुमी कालेज शिकल्या, शेंग सोलाला कंदी शिकाल?"

एक्क्याण्णव साली तिच्या अंगणातून मुंबई-पुण्याची नवी केबल गेली. आत काचेचे केसासारखे धागे. त्यांतून उजेड धावतो आणि त्या उजेडावर माणसांचं बोलणं. शोध मोठाच, वाद नाही. पण हौसाला कुणी विचारलं? चर खणला, बुजवला, ठेकेदार पसार.

पुढच्या वैशाखात तिच्या वेणूचं लग्न ठरलं. हौसाच्या नवऱ्याने, बळीरामने, मांडवाची मुहूर्तमेढ रोवायला पहार घातली. आजेसासऱ्यांपासून त्या घरची मेढ याच जागी उभी राहते. पहार थेट केबलीत! दुपारी फोन खात्याची जीप आली, मागोमाग पोलीस, आणि बळीरामला उचललं. आरोप काय, तर तांब्यासाठी केबल तोडली. जिच्यात तांबं नाहीच, तिच्यातलं तांबं चोरलं म्हणे! उद्या हळद, आणि मुलीचा बाप कोठडीत.

मी पोचले तेव्हा हौसा मेढीला मिठी मारून उभी.

"मेढ काढ आधी! लाइन बंद आहे!" फोनवाला साहेब ओरडत होता.

"लगीन लागल्याबिगर मेढ निंगत नाय. माजे पोरीचा बापूस आना पयले."

साहेब माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. समजवा हिला."

मी पदर खोचला, खाली बसले आणि मेढीच्या कडेने खड्ड्यात हात घातला. बोटं केबलीला लागली, तरी कोपर बाहेरच.

"पुरुषभर खोल चर हवा ना हो? हा पास कोणी केला?"

साहेब रुमाल शोधू लागला. पास त्यानेच केला होता.

"मग चला चौकीवर, तिथे हेच सांगा. नाहीतर मी सांगते."

आला मुकाट्याने. बळीराम संध्याकाळी सुटला. माफी? छे! केबल तेवढी मेढीला वळसा घालून जोडली.

हळद लागली, लग्न लागलं, वेणू मोरा बंदराला सासरी गेली. मांडव उतरल्यावर मेढीला हळदकुंकू वाहताना हौसाने विचारलं, "बाई, ये काचंतून माजे वेनूशी बोलता येल?"

अख्ख्या मुंबई-पुण्याचं बोलणं तिच्या अंगणाखालून जात होतं, आणि तिच्या आळीत एक फोन नव्हता. "नाही गं," मी म्हटलं.

हौसा नवऱ्याकडे वळली. "आयकलास? मंग धाकटीचे लग्नान पहार जरा जोरान मार."