थकबाकीदाराची लेक

बाप मेल्यावर आमच्या गावात त्याचं नाव वर्षातून एकदाच घेतलं जायचं, तेही ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून. मार्च आला की घरपट्टी थकवलेल्यांची यादी वाचायचे. जळकोट तालुक्यातलं आमचं गाव लहान, घराघरात ऐकू जायचं. लग्नाकार्यात कुणी गाववाली भेटली की मायला हमखास सांगायची, यंदाबी तुझ्या मालकाचं नाव पुकारलं बाई. त्या दिवशी माय जेवायची नाही. मला तर असा संताप यायचा की जाऊन तो भोंगाच उपटून आणावा.

पट्टी थकली होती ती बापाच्या घरजागेची. दोन खोल्या आणि मागं मोकळं अंगण, चुलत्याच्या घराला लागून. मी तिसरीत असताना बाप गेला. वर्षश्राद्ध झालं न झालं तोच चुलता मायला म्हणाला, "हितं तुझं काय हाय आता? माहेरात जागा हाय का बघ." मायनं माझा हात धरला आणि ती नांदेडला मामाकडं आली. आमची पाठ फिरताच चुलत्यानं मधली भिंत पाडली, अंगणात म्हशी बांधल्या, खोल्यांत सोयाबीनचं भुसकट भरलं.

आता या बेइमानाची हुशारी ऐका. जागा वापरायला हा, पण पंचायतीचा शिपाई पट्टी मागायला दारात आला की हात झटकायचा. जागा माझी न्हाई, भावाची हाय, त्याच्या बायकोला मागा. दरसाल हेच. ग्रामसभेतसुद्धा उभं राहून हेच. पट्टी वाचवायच्या नादात जागा कुणाची हे त्यानं साऱ्या गावाला पाठ करून दिलं होतं. आमचा पत्ता मात्र कुणाला सांगितला नाही. मी नर्स झाले, पगार घेऊ लागले, गावाला जाऊन एकदाचा निकाल लावू म्हटलं, तर माय अडवायची. जाऊ दे गं, म्हणायची, आपल्याला काय कमी आहे.

मग मागच्या वर्षी गावाजवळून मोठा रस्ता गेला आणि चुलत्याला पुतणी आठवली. पंचमीच्या आधी त्याचा पोरगा साडी घेऊन नांदेडला आमच्या दारात. इतक्या वर्षांत चोळीचा तुकडा कधी आला नव्हता. पंचमीला माहेरी ये, म्हणाला, आणि येताना आधार कार्ड घेऊन ये. झोका खेळायला आधार कार्ड लागतं हे मला तेव्हाच कळलं. आमच्याकडं लेकींना असंच गुंडाळतात. साडी नेसवायची, पुरणाचं जेवू घालायचं आणि हक्कसोडीवर सही घ्यायची. मी साडी ठेवून घेतली. हाव, येते म्हणून सांगितलं.

गेले, पण सणाच्या आधीच. पंचायतीत सगळी थकबाकी व्याजासकट भरली आणि बापाच्या जागी मायचं नि माझं नाव लावायचा अर्ज दिला. कुणाची हरकत असेल तर त्यानं सभेत येऊन सांगावी, असं ठरलं. सभेला मी चुलत्याचीच साडी नेसून गेले. मला तिच्यात बघून तो असा खुलला की बाजूच्याला तंबाखू देऊ केली. पोरगी वळणावर आली, असंच वाटलं असणार. अर्ज वाचून झाला तसा ताडकन उठला. कब्जा माझा आहे, इतकी वर्षं जागा मीच सांभाळली, जागा माझीच, असं ओरडू लागला.

सरपंचबाईंनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "शिपाई पट्टी मागायला आला की जागा कुणाची म्हणत होता?"

आधी मागच्या बायका हसल्या, मग सारी सभा. ते हसणं मी अजून आठवून आठवून चघळते. चुलता खाली बसला, आणि आमची नावं लागली.

मोजणी झाली, खांब रोवले. तार ओढायच्या दिवशी तो एकटाच आला, आवाज लोण्यासारखा. आपण रक्ताची माणसं, म्हणाला, एवढ्या म्हशी मी कुठं नेऊ?

"सासुरवाडीत जागा हाय का बघा, काका," मी म्हणाले.

त्याला ते वाक्य आठवलं, तोंडावरून दिसलंच. खोटं कशाला बोलू, मला दया आली नाही. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

यंदा मार्चात यादी वाचायच्या वेळी मी मायला मुद्दाम गावी नेलं. अंगणात दोघी बसून ऐकलं. भोंगा वाजायचा थांबला, बापाचं नाव आलं नाही. मला वाटलं, माय आता हसेल. तिनं डोळ्याला पदर लावला.

"वर्षातनं एकदा तरी घ्यायचे त्यांचं नाव," ती म्हणाली. "आता कोण घेईल?"

मी लातूरहून काळ्या दगडाची पाटी करून आणली. त्यावर बापाचं पूर्ण नाव, ठळक. पुढच्या फाटकाला लावली नाही. चुलत्याच्या मागच्या दारासमोर जो खांब येतो, त्याला बसवली. सकाळी दार उघडलं की आधी तेच वाचावं लागतं त्याला.