घोरणं थांबल्यावरची शांतता

मावसबहिणीच्या लग्नात जेवणं उरकली आणि कार्यालयातल्या गाद्यांवर वऱ्हाड आडवं झालं. मुलाकडचे एक गृहस्थ मोठमोठ्याने घोरत होते, पोरं खिदळत होती. घोरणं मध्येच थांबलं. तशी शेजारी गप्पा मारत बसलेल्या त्यांच्या बायकोने, बोलणं न तोडता, हात लांबवून त्यांचा खांदा हलवला. ते दचकले, मोठा श्वास घेऊन कुशीवर वळले.

"झोपेत श्वास अडकतो यांचा," ती मला म्हणाली. "घरी मशीन लावून झोपतात. इथे मीच मशीन!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

आमचे अण्णाही असेच घोरायचे आणि असेच मध्ये थांबायचे. "थांबलं बाई एकदाचं!" आई म्हणायची आणि सगळं घर निवांत झोपी जायचं. सकाळी त्यांचं डोकं जड असायचं, दिवसा तर हातात घास असतानाही डुलकी लागायची. रक्तदाब गोळ्यांना दाद देत नव्हता. आम्ही म्हणायचो, वय झालं. हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "झोपेत श्वास थांबायचा का?" आई ठामपणे म्हणाली, "छे हो, झोप अगदी गाढ त्यांची!" अण्णा त्या दुखण्यातून उठले नाहीत. ज्या शांततेची आम्ही वाट बघायचो, तिच्यात ते श्वासासाठी धडपडत होते.

घोरणं पुन्हा सुरू झालं. कुणीतरी वैतागून उशी कानावर ओढली. मी मात्र त्या आवाजाकडे कान लावून बसून राहिले, तो थांबू नये म्हणून.