मोठी चौकट

कुंभारे मॅडम रागावल्या की आवाज खाली आणायच्या. हजरतगंजच्या आमच्या ऑफिसात त्या हळू बोलू लागल्या, की शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबायचं. मूळच्या वर्ध्याच्या; नवरा फौजेत, म्हणून लखनऊला आलेल्या. निरनिराळ्या गटांना एकत्र काम करता यावं असं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. त्याची मांडणी त्या करायच्या, मी त्यांच्या हाताखाली होते.

कर्णबधिर शिक्षकांच्या एका गटाने ते वापरून पाहिलं. ऑनलाइन मीटिंगमध्ये ज्याचा आवाज येईल त्याची चौकट मोठी व्हायची. गटप्रमुख रेहानाजी खुणांनी काही सांगत होत्या, तेवढ्यात कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि पडदाभर स्वयंपाकघर आलं. रेहानाजी कोपऱ्यात, नखाएवढ्या. आमच्या खोलीत हशा पिकला.

"काहून हसतात गं हे?" मॅडम मला म्हणाल्या. "बाई बोलून राहिली अन् आपण तिचं तोंड दाबलं."

त्यांनी सगळी मांडणी बदलली. मोठी चौकट कुणाला द्यायची ते ज्या-त्या गटाने ठरवायचं. आवाजावर, हात वर केल्यावर, कसंही. "लोकांनी काहून बदलायचं?" त्या नेहमी म्हणायच्या. "सॉफ्टवेअरनं बदलावं."

लाँच तोंडावर आल्यावर आमच्या सक्सेना साहेबांनी ती सोय काढून टाकली. "कुंभारेजी, इतने कम लोगों के लिए? बाद में देखेंगे."

पुढच्या ऑनलाइन मीटिंगला वरचे अधिकारी होते. मॅडमनी रेहानाजींच्या गटालाही बोलावलं आणि साहेब बोलायला लागताच त्यांचा माईक बंद केला. साहेबांचे ओठ हलत राहिले. चौकट काही मोठी होईना. शेवटी ते केबिनमधून ओरडत बाहेर आले, "ये क्या बदतमीज़ी है?"

"सर," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "ज़रा-सी देर में इतना गुस्सा आ गया आपको?"

सोय परत आली. लाँचला साहेबांनी ती स्वतःची कल्पना म्हणून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. मॅडमना तोवर किरकोळ कामावर टाकलं होतं. त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी रेहानाजी आल्या. दोघी फुटपाथवर हातांनी भांडत होत्या. मॅडम ही भाषा कधी शिकल्या, आम्हाला पत्ताच नव्हता.

"काय म्हणतायत त्या?" मी विचारलं.

"झापून राहिली मला. म्हणते, काम अर्धं टाकून चालली." मॅडमचे डोळे लाल झाले होते. "खरंच आहे ना."

त्या रिक्षात बसून निघून गेल्या. सक्सेना आज आमचे डायरेक्टर आहेत.